कागदाने पाडलेला किल्ला

गड पाहत हिंडणाऱ्या माणसाला एक खोड असते. कुठलाही किल्ला समोर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: हा पडला कसा? वेढा किती चालला, फितूर कोण झालं, दारूकोठारावर गोळा कधी पडला, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या डनॉटरला हाच प्रश्न विचारला तर उत्तर ऐकून माणूस चक्रावतो. या किल्ल्याने क्रॉमवेलच्या फौजेचा आठ महिन्यांचा वेढा सोसला, शेवटी तो शरणही गेला, पण उभा राहिला. त्याची छपरं उतरवली ती लंडनच्या एका पाणीपुरवठा कंपनीने, आणि तीही रीतसर खरेदी करून.

माझी भाची ॲबरडीनला तेलकंपनीत नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा तिने आधीच बजावून ठेवलं होतं, "मामा, इथे सह्याद्रीसारखं नाही हं. किल्ल्यावर जायला तिकीट लागतं, आणि वारा सुटला की दरवाजा बंद करतात." ॲबरडीनहून दक्षिणेला निघालेली गाडी जेमतेम वीस मिनिटांत स्टोनहेवनला पोचते. गाव लहान, बंदर त्याहून लहान. धक्क्यावर एक जुनी दगडी इमारत आहे, टोलबूथ. पुढे तिथे कचेरी झाली, तुरुंग झाला. पण मुळात ते कोठार, डनॉटरच्या बांधकामाचं सामान ठेवायला सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं. म्हणजे किल्ला अजून नजरेलाही पडलेला नसतो आणि त्याच्या मालकांची ओळख सुरू होते. मालक म्हणजे कीथ घराणं.

बंदरामागून चढ चढला की कड्याकडेची पायवाट लागते. वाटेत टेकडीवर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक आहे. वर्तुळात उभे खांब, वर छप्पर नाही. अर्धवट राहिलंय असं वाटतं, पण ते मुद्दामच भग्न देवळासारखं बांधलंय. अर्ध्यावर तुटलेल्या आयुष्यांचं म्हणून. तिथून पुढे एका बाजूला बार्लीची शेतं, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र, आणि मग एका वळणावर डनॉटर एकदम सगळाच्या सगळा दिसतो.

मुख्य भूमीपासून सुटू पाहणारा एक प्रचंड खडक, साधारण पन्नास मीटर उंच, तीन बाजूंनी उभा तुटलेला. मागे एक चिंचोळी धार त्याला जमिनीशी धरून आहे, पण तीही इतकी खोल उतरते की किल्ल्यात जायचं तर आधी जवळजवळ समुद्रापर्यंत खाली जायचं आणि पुन्हा वर चढायचं. माथ्यावर सपाटी, आणि तिच्यावर विखुरलेल्या बिनछपराच्या इमारती. एक उंच मनोरा, काही लांब भिंती, धुरांडी.

पायऱ्या उतरताना मी कड्याला हात लावून पाहिला. हा दगड अखंड नाहीच. लाल-तपकिरी मसाल्यात लहानमोठे गोटे घट्ट बसलेत, अगदी चिक्कीतल्या दाण्यांसारखे. कुठे सुपारीएवढे, कुठे नारळाएवढे, आणि सगळे वाटोळे गुळगुळीत. चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथून वाहणाऱ्या नद्यांनी हे गोटे घासून आणून टाकले. काही ठिकाणी गोटा निखळून पडलाय आणि त्याच्या खळगीत किटिवेक नावाच्या समुद्रपक्ष्याने घरटं थाटलंय. त्यांचा कलकलाट इतका की खाली लाटांचा आवाज ऐकू येत नाही. असा दगड तासून सरळ तट उभारणं अवघड. पण तटाची गरज होती कुणाला? कड्यानेच ते काम केलेलं होतं. कीथांनी सगळी ताकद लावली ती एका दरवाज्यावर.

तो दरवाजा खडकातल्या घळीत, खाली, भिंतीत चेपून बसवलाय. शेजारी वर चढत गेलेली पाच मजली इमारत, बेनहोम्स लॉजिंग, आणि तिच्यात एकावर एक ओळींनी तोफांची आणि बंदुकांची भोकं. दरवाज्यातून आत शिरलेला माणूस समोरच्या भिंतीतल्या जंग्यांच्या तोंडी येतो, मग वळतो, मग दोन बोगदे पार करतो, आणि या सगळ्या वाटेत त्याच्या डोक्यावर कुणी ना कुणी असतंच. स्कॉटलंडमधलं सर्वांत भक्कम प्रवेशद्वार म्हणून याचा लौकिक आहे. गडाची वाट कशी वळवावी हे ज्याने सह्याद्रीत पाहिलंय त्याने इथे मनातल्या मनात मुजरा करावा.

हा खडक कीथांच्या आधीही रिकामा नव्हता. 681 आणि 694 या साली इथे वेढे पडल्याच्या नोंदी आयर्लंडच्या जुन्या बखरींत सापडतात. पुढे माथ्यावर चर्च होतं. 1297 मध्ये विल्यम वॉलेसने इथली इंग्रज शिबंदी त्या चर्चमध्ये कोंडून जाळली, अशी कथा एका चारणाने पुढे पावणेदोनशे वर्षांनी रंगवून सांगितली. आकडे त्याने सढळ हाताने वाढवले, पण कथा टिकली. मग 1392 च्या सुमारास सर विल्यम कीथने इथे मनोरा बांधला. मनोऱ्याची जागा चर्चच्या पवित्र हद्दीत येत होती, म्हणून बिशपने त्याला सरळ धर्मबहिष्कृत केलं. कीथ डगमगला नाही. त्याने थेट पोपकडे दाद मागितली आणि 1395 मध्ये बहिष्कार उठवून घेतला. मनोरा तिथेच राहिला. आजही तीच किल्ल्यातली सर्वांत उंच वास्तू आहे. एल आकाराचा, जाड भिंतींचा, खाली कोठार, वर दिवाणखाना, त्यावर झोपायच्या खोल्या. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजल्यात.

कीथ म्हणजे नुसते जमीनदार नव्हेत. स्कॉटलंडच्या राजाचा मार्शल हा त्यांचा वंशपरंपरागत हुद्दा होता. युद्धात राजाच्या घोडदळाची आणि संसदेत राजाच्या जिवाची जबाबदारी त्यांच्यावर, आणि मुकुट, राजदंड, तलवार या राजचिन्हांची राखणही त्यांच्याकडे. 1314 च्या बॅनकबर्नच्या लढाईत रॉबर्ट द ब्रूसच्या बाजूने सर रॉबर्ट कीथने पाचेकशे घोडेस्वार इंग्रज तिरंदाजांच्या बगलेवर घातले. तिरंदाज पांगले आणि लढाईचा रंग पालटला. 1458 च्या सुमारास घराण्याला सरदारकी मिळाली आणि स्कॉटलंडमध्ये हुद्द्याच्या नावाची एकमेव अर्लशिप सुरू झाली, अर्ल मार्शल.

माथ्यावरच्या हिरवळीवर पोचलं की लक्षात येतं, इथे दोन किल्ले आहेत. एक मनोऱ्याचा, लढाऊ, अंग चोरून बसलेला. दुसरा चौकाचा, ऐसपैस, खिडक्यांचा, समुद्राकडे तोंड करून मोकळा बसलेला. हा दुसरा बहुतांशी पाचव्या अर्लचा, जॉर्ज कीथचा. माणूस जिनिव्हात शिकलेला. 1589 मध्ये सहाव्या जेम्सचं डेन्मार्कच्या राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याच्या वतीने तिकडे जाऊन लग्न लावून आलेला. 1593 मध्ये ॲबरडीनला त्याने मार्शल कॉलेज स्थापलं. त्याच्याच नावाशी एक कोरीव वाक्य जोडलं जातं, त्याचा अर्थ असा: लोक बोलतात, काय बोलतात? बोलू देत. चर्चच्या जमिनी कीथांनी घशात घातल्या अशी तेव्हा लोकांत कुजबुज होती, तिला दिलेलं हे उत्तर. उत्तरात पश्चात्ताप औषधालाही नाही.

चौकाच्या मधोमध पाण्याचं गोल टाकं आहे. नऊ-दहा मीटर रुंद, दगडी काठाचं, आता शेवाळलेलं. गड पाहणाऱ्याची पावलं आपोआप टाक्याकडे वळतात, कारण गड किती दिवस टिकेल हे टाकं सांगतं. डनॉटरचं टाकं सांगतं की दाण्यागोट्याची सोय असेल तर पुष्कळ दिवस.

त्याची परीक्षा 1651 मध्ये झाली. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवून दोन वर्षं झाली होती. त्याच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, स्कॉट लोकांनी 1 जानेवारी 1651 रोजी स्कून इथे मुकुट घातला. स्कॉटलंडमधला हा शेवटचा राज्याभिषेक. क्रॉमवेलच्या फौजेने इंग्लंडची राजचिन्हं आधीच वितळवून टाकली होती आणि आता तीच फौज स्कॉटलंडमध्ये होती. एडिंबरोचा किल्ला पडलेला. तेव्हा मुकुट, राजदंड आणि तलवार ज्यांचं काम राखणीचं त्या कीथांच्या डनॉटरवर आली. राजाचे खाजगी कागदही आले. सातवा अर्ल स्वतः ऑगस्टमध्ये पकडला गेला आणि लंडनच्या टॉवरमध्ये जाऊन पडला. किल्ल्यावर उरला किल्लेदार जॉर्ज ओगिल्वी आणि मोजकी शिबंदी, पुढे पुढे चाळिसेक माणसं.

सप्टेंबरमध्ये वेढा पडला. हिवाळाभर इंग्रजांना फारसं काही करता आलं नाही, कारण जड तोफा या रस्त्यांवरून आणणं महाकठीण. पण ओगिल्वीला कळत होतं की वसंतात तोफा येणार. किल्ला जाईल तर जावो, राजचिन्हं जाता कामा नयेत. ती बाहेर कशी गेली याच्या दोन कथा आहेत. एकीत ती दोराने कड्यावरून खाली सोडली गेली आणि समुद्रशेवाळ गोळा करायला आलेल्या एका मोलकरणीने ती टोपलीत घालून नेली. दुसरीत किनेफ गावच्या पाद्र्याची बायको, ख्रिश्चन फ्लेचर, इंग्रज अधिकाऱ्याची परवानगी काढून किल्लेदारणीच्या भेटीला वर गेली, आणि उतरताना मुकुट तिच्या कपड्यांत होता, बाकीचं मोलकरणीच्या पाठीवरच्या जवसाच्या धाग्यांच्या भाऱ्यात. इंग्रज सेनापतीने तिला घोड्यावर बसायला हात दिला, असंही सांगतात. राजाचे कागद ॲन लिंडसे नावाच्या नात्यातल्या बाईने कमरपट्ट्यात शिवून नेले. तलवार लांब, लपेना. ती मधोमध मोडावी लागली.

मे 1652 मध्ये तोफा आल्या. दहा दिवस मारा झाला आणि 24 मे रोजी ओगिल्वीने मानाच्या अटींवर किल्ला खाली केला. राजाचं निशाण तोवर फडकत राहिलेलं स्कॉटलंडमधलं हे शेवटचं ठिकाण. इंग्रजांनी आत येऊन सगळं धुंडाळलं. हाती काही लागलं नाही.

या कथेनंतर माणसाला किल्ल्याचं प्रेम वाटू लागतं. तेवढ्यात तो चौकाच्या एका कोपऱ्यातून खाली उतरतो आणि कव्हेनंटरांच्या तळघरात येतो. स्कॉटलंडमध्ये याला व्हिग्ज व्हॉल्ट म्हणतात. लांबट, कमानी छताचं, दगडी. समुद्राकडे एक खिडकी. 1685 च्या मे महिन्यात इथे 167 कव्हेनंटर कोंडले गेले, 122 पुरुष आणि 45 बायका. चर्चच्या कारभारात राजाची सत्ता मानणार नाही, शपथ घेणार नाही, एवढाच गुन्हा. ज्या राजाचा मुकुट या किल्ल्याने वाचवला त्याच राजाच्या आणि त्याच्या भावाच्या राजवटीत ही वेळ आली. जमिनीवर चिखल, बसायला जागा नाही. रात्री खिडकीतून कड्यावर उतरून पंचवीस जण पळाले. दोघं पडून मेले, पंधरा पुन्हा पकडले गेले. सदतीस जणांनी शपथ घेऊन सुटका करून घेतली. पाच जण तळघरातच गेले. उरलेल्यांना जहाजात भरून अमेरिकेत न्यू जर्सीला पाठवलं आणि त्यातले कितीतरी वाटेत तापाने मेले. डनॉटरच्या चर्चच्या आवारात या लोकांच्या नावाचा दगड आहे. 1793 मध्ये वॉल्टर स्कॉटला तिथे अशा थडग्यांवरची अक्षरं टाकीने उजळत फिरणारा एक म्हातारा भेटला, आणि त्यातून पुढे त्याची 'ओल्ड मॉर्टॅलिटी' ही कादंबरी झाली.

भाची त्या खिडकीशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "वरचा हॉल आणि हे तळघर, मध्ये फक्त एक जिना आहे." किल्ल्यांचं हे असंच असतं. आपण वरून पाहतो, तळघरात राहिलेल्यांना ते खालून दिसतं.

आता तो पडण्याचा प्रश्न. 1715 मध्ये स्ट्युअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर आणण्यासाठी जॅकोबाइटांचं बंड झालं. दहावा अर्ल, पुन्हा एक जॉर्ज कीथ, तेव्हा ऐन विशीतला. धाकटा भाऊ जेम्स त्याहून लहान. दोघंही बंडात उतरले. शेरिफमुइरच्या लढाईत निकाल लागला नाही, पण बंड विझलं. भाऊ परागंदा झाले, अर्लची पदवी रद्द झाली, जमीनजुमला जप्त झाला. जप्त इस्टेटी सरकारने विकायला काढल्या, आणि इथे त्या पाणीपुरवठा कंपनीचा प्रवेश होतो.

यॉर्क बिल्डिंग्ज कंपनी ही लंडनमध्ये थेम्स नदीचं पाणी उपसून घरोघर विकायला सतराव्या शतकाच्या शेवटी निघालेली. तिच्या सनदेत जमीन धारण करायची मुभा होती. 1720 हे सट्ट्याचं साल, लंडनमध्ये कोणत्याही कंपनीचे शेअर कोणत्याही भावाला उठत होते. त्या पैशात यॉर्क बिल्डिंग्जने स्कॉटलंडमधल्या जप्त इस्टेटी एकामागून एक उचलल्या, त्यात कीथांचीही. कंपनीला किल्ल्याचं काय सोयरसुतक? तिच्या लेखी तो बांधकामाच्या सामानाचा ढीग. तुळया, फळ्या, फरशा, छपरावरचं शिसं, जे जे विकता येईल ते उतरलं. बिनछपराच्या भिंतींत समुद्राचा खारा वारा शिरला की पुढचं काम तो करतो. स्वतः कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि तिच्या कोर्टकचेऱ्या शंभर वर्षं पुरल्या.

माणसांचं काय झालं? किल्ल्यापेक्षा बरं. जेम्स कीथ स्पेन, मग रशिया, मग प्रशिया असा सरकत फ्रेडरिक द ग्रेटचा फील्ड मार्शल झाला, बर्लिनचा गव्हर्नर झाला, आणि 14 ऑक्टोबर 1758 रोजी होखकिर्खच्या लढाईत पडला. त्याचा पुतळा प्रशियाच्या राजाने 1868 मध्ये त्याच्या जन्मगावाजवळच्या पीटरहेडला भेट दिला. तो आजही तिथे भर बाजारात उभा आहे. थोरला जॉर्ज फ्रेडरिकचा दोस्त झाला, पॅरिसमध्ये त्याचा वकील होता, मग नूशातेलचा गव्हर्नर. तिथे त्याने पाठलाग चुकवत आलेल्या रूसोला आसरा दिला. रशियाच्या फौजेने जिंकलेल्या ओचाकोव्हमधून जेम्सने आणलेली एक तुर्की मुलगी त्याने पोटच्या मुलीसारखी वाढवली. 1759 मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला माफी दिली. म्हातारपणी तो परतला, 1761 मध्ये डनॉटर पुन्हा विकतही घेतला, आणि पाचेक वर्षांत विकून टाकला. छपरं नसलेला किल्ला घेऊन करायचं काय? तो पॉट्सडॅमला परतला आणि 1778 मध्ये तिथेच वारला.

लग्न दोघांनीही केलं नव्हतं. वारसा बहिणीच्या बाजूने गेला. बहीण मेरी कीथची मुलगी क्लेमेंटिना हिचं लग्न एल्फिन्स्टन घराण्यात झालं. तिच्या एका मुलाने आईकडच्या घराण्याचं नाव पदवीत घेतलं, तो नौदलातला ॲडमिरल लॉर्ड कीथ. दुसऱ्या मुलाचा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि पुण्याच्या दरबारी रेसिडेंट झाला: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

मी हे भाचीला सांगितल्यावर तिने बोटांवर नातं लावून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे डनॉटरचा शेवटचा अर्ल एल्फिन्स्टनच्या आजीचा मामा!" बरोबर. ज्याच्या नावाने मुंबईत कॉलेज आहे तो हाच. पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड आणि आताचं प्रभादेवी स्टेशन त्याच्या पुतण्याच्या नावावर होतं, म्हणजे तोही याच रक्ताचा. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरची रेसिडेन्सी जळाली. फेब्रुवारी 1818 मध्ये साताऱ्याहून जाहीरनामा काढून एल्फिन्स्टनने पेशवाई संपल्याचं सांगितलं. मग त्याच्याच अमदानीत सह्याद्रीतल्या गडांचं काय झालं ते आपण पायांनी मोजतो. नाशिक-खानदेशातल्या किती गडांवर खोदीव पायऱ्या अर्ध्यावर तुटतात आणि दोर लावावा लागतो! त्या पायऱ्या झिजल्या नाहीत, सुरुंग लावून उडवल्या. गड पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत, म्हणून. आजीच्या आजोळचा किल्ला कसा निकामी झाला हे त्या सुशिक्षित, बहुश्रुत माणसाला ठाऊक असणारच. जिंकलेल्याने गडाचं काय करायचं असतं याबद्दल लंडनचं आणि कलकत्त्याचं मत एकच होतं.

डनॉटरला पुढे नशिबाने हात दिला. 1919 मध्ये वीटमन पिअर्सन, लॉर्ड काउड्री, याने तो घेतला. बोगदे, धरणं, मेक्सिकोचं तेल असे धंदे करून गबर झालेला कंत्राटदार. त्याची पत्नी ॲनी हिने 1925 मध्ये दुरुस्ती सुरू केली. पडू पाहणाऱ्या भिंती सावरल्या, चौकातल्या दिवाणखान्याला ओकचं कोरीव छत नव्याने बसवलं. किल्ल्यात डोक्यावर छप्पर असलेली ही एक खोली, आणि पाऊस आला की सगळे प्रवासी तिथे गोळा होतात, आम्हीही झालो. एका कंपनीने लाकूड काढून नेलं, दुसऱ्या कंपनीवाल्याच्या बायकोने लाकूड परत आणलं. मालकी आजही त्याच कुटुंबाकडे आहे. कीथांचा कुलप्रमुख, अर्ल ऑफ किंटोर, याचं किल्ल्याशी नातं आता नावापुरतं.

डनॉटर पाहून बहुतेक लोक स्टोनहेवनला परततात आणि मासे-चिप्सच्या रांगेत उभे राहतात. आम्ही गाडी काढून दक्षिणेला किनेफला गेलो. दहा-बारा किलोमीटर अंतर. शेतांमधून जाणारा अरुंद रस्ता, खाली समुद्र, आणि एक साधं दगडी चर्च. आताची इमारत 1738 ची. पण जागा तीच. किल्ल्यातून आलेला मुकुट पहिल्यांदा पाद्र्याच्या घरात पलंगाच्या पायथ्याशी होता. मग पाद्री ग्रेंजर आणि त्याची बायको ख्रिश्चन यांनी रात्री चर्चमधली फरशी उचलून प्रवचनाच्या चौथऱ्यासमोर मुकुट आणि राजदंड पुरला, आणि पश्चिमेच्या टोकाला तलवार. अधूनमधून रात्री ते सगळं उकरून शेकोटीपुढे वाळवायचं, नव्या कापडात गुंडाळायचं आणि पुन्हा पुरायचं. 31 मार्च 1652 रोजी पाद्र्याने अर्लच्या आईला पत्र लिहून नेमक्या जागा कळवल्या. आपण मेलो तर कुणाला तरी ठाऊक असावं. दर रविवारी गाव त्या फरशीवर बसून प्रार्थना करत होतं. हे आठ वर्षं चाललं. ओगिल्वी नवरा-बायकोला इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, ग्रेंजरांनाही चौकशीला धरलं. कुणीही तोंड उघडलं नाही. उलट, राजचिन्हं अर्लचा धाकटा भाऊ जॉन कीथ याने फ्रान्सला पोचवली अशी थाप पसरवून दिली, आणि इंग्रजांनी ती गिळली.

1660 मध्ये चार्ल्स गादीवर परतला. बक्षिसांची वाटणी मोठी बोधप्रद आहे. ज्या जॉन कीथचा वाटा त्या थापेतल्या नावापुरता होता, तो नाइट मार्शल झाला आणि पुढे अर्ल ऑफ किंटोर. आजचा कीथांचा कुलप्रमुख त्याच पदवीचा. ओगिल्वीला, ज्याने वेढा सोसला, बॅरोनेट केलं. श्रेय कुणाचं यावरून त्याच्या आणि कीथांच्या घरात पुढच्या पिढीपर्यंत भांडण चाललं. ख्रिश्चन फ्लेचरच्या नावे संसदेने 1661 मध्ये दोन हजार मर्क मंजूर केले.

मुकुट 1707 मध्ये स्कॉटलंडची संसद विसर्जित झाल्यावर एडिंबरोच्या किल्ल्यात पेटीत बंद झाला आणि विसरला गेला. 4 फेब्रुवारी 1818 रोजी वॉल्टर स्कॉटच्या साक्षीने ती पेटी फोडली गेली. एल्फिन्स्टन साताऱ्याला होता तोच महिना. आज एडिंबरोत काचेआड ठेवलेल्या त्या मुकुटापुढे रांगा लागतात.

किनेफला आम्ही होतो तोवर दुसरं कुणी आलं नाही. आत भिंतीवर ग्रेंजरांचं स्मारक आहे, ओगिल्वींचंही आहे. कीथांनी साडेतीनशे-चारशे वर्षं राखणीचा हुद्दा मिरवला, त्यासाठी कडा घेतला, बिशपशी वाद घातला, स्कॉटलंडमधला सर्वांत भक्कम दरवाजा बांधला. राखायची वेळ आली तेव्हा ती चीज त्याच दरवाज्यातून एका बाईच्या कपड्यांत बाहेर काढावी लागली. डनॉटरला जाणाऱ्याने किनेफला जरूर जावं. किल्ला दिमाखाचा असला तरी राखणीचं खरं काम झालं ते या चर्चमध्ये.